वंशावळ कोणाची, साक्ष कोणाची?

घराण्याचा इतिहास हा मराठी गद्यातला भरपूर लिहिला गेलेला आणि समीक्षेने कधी हातात न घेतलेला प्रकार आहे. कुलवृत्तांत, वंशवृक्ष, अमक्या परगण्याच्या देशमुखांची हकीकत, तमक्या सरदार घराण्याची कैफियत अशी नावे घेऊन हे लेखन शे-सव्वाशे वर्षे चालले आहे. विसाव्या शतकात चित्पावन कुळांनी आपापले जाडजूड कुलवृत्तांत छापले. गोखल्यांचा आहे, आपट्यांचा आहे, आणखी कितीतरी आहेत. रियासतकार सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी एकत्र करून ठेवल्या. मराठा सरदार-देशमुखांच्या वाड्यांतून अशी पुस्तके निघाली आणि आजही खाजगी वितरणासाठी निघतात. इतिहासकार या ग्रंथांकडे साधनसामग्री म्हणून पाहतो आणि मराठीचा प्राध्यापक त्यांच्याकडे पाहतच नाही. मला वाटते, हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्याला स्वतःचा नायक आहे, स्वतःची भाषा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे स्वतःचे मौन आहे. या मौनाबद्दल मला येथे लिहायचे आहे, कारण ते मौन आमच्या वस्तीच्या अंगाने पाळले गेले आहे.

कुठलाही कुलवृत्तांत उघडा, आरंभी एक मूळपुरुष असतो. तो कुठून तरी येतो. त्याच्यावर देवीची कृपा होते, किंवा एखाद्या लढाईत तो बादशहाच्या नजरेस पडतो, आणि त्याला सनद मिळते. मग तो गाव ‘वसवितो’, विहीर ‘बांधतो’, जमीन ‘लागवडीस आणतो’. या क्रियापदांकडे नीट पाहावे. कर्ता एकच आहे. दगड फोडणारा, माती वाहणारा, रान तोडणारा, रात्री राखण करणारा या वाक्यांत कुठेच नाही. व्याकरणाच्या शाळेत आपण प्रयोजक क्रियापद शिकतो. ‘बांधतो’ आणि ‘बांधवून घेतो’ यांतला फरक मुलांना समजावतो. घराण्याचा इतिहास हा फरक पुसूनच उभा राहिलेला आहे. पुढे या पुरुषाला चार मुलगे होतात, त्यांच्या चार शाखा होतात, शाखांना क्रमांक पडतात. मुली कुठे दिल्या ते कधी असते, कधी नसते. पण झाड वाढते ते मुलग्यांच्याच फांद्यांनी. प्रस्तावनेत संपादक ठरावीक तक्रार करतो की कित्येक कुलबांधवांनी पत्रे पाठवूनही माहिती कळविली नाही. त्याला माहिती हवी असते ती कुलबांधवांचीच. ज्यांनी चार पिढ्या त्या वाड्याचे उंबरे झाडले त्यांना त्याने पत्र पाठविलेले नसते.

ही वंशावळ आली कुठून? पूर्वजांवरच्या प्रेमातून आली असे या पुस्तकांच्या प्रस्तावना सांगतात. कागद वेगळे सांगतात. मराठा आणि मोगल अमदानीत देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण ही वतने होती आणि वतन हे वडिलोपार्जित होते. दोन भाऊबंद भांडले, की मजलिस बसे, दोघांकडून तकरिरा घेतल्या जात, पिढ्या मांडल्या जात, आणि निवाड्याचा महजर होई. पुढे इंग्रज आले. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्याचा आधार घेऊन मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना विचारले की तुमचा हक्क कशावरून? तेव्हा गाठोड्यांतले कागद बाहेर पडले आणि पिढीपत्रके तयार झाली. १८७४ च्या वतन कायद्याने वतनाची जमीन कुळाबाहेर जाऊ नये अशी व्यवस्था केली. म्हणजे कुळात कोण आणि कुळाबाहेर कोण हे ठरविणे ही सरकारी गरज झाली. आमच्या मराठवाड्यात निजामाचा अंमल होता. तिथे सालारजंगाने महसुलाची मक्तेदारी मोडली, पण देशमुख-देशपांड्यांना रुसूम बांधून दिला, आणि रुसूम घ्यायचा तर वारसा सांगावाच लागे. मिळकत आधी आणि वंशावळ मागून, असा हा क्रम आहे. जुन्या भाषेत वतन ‘खातात’. जो खात होता त्याला आपण कुणाचे हे लिहून ठेवणे भाग होते. आडनावेसुद्धा तीच. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही माणसांची नावे होण्याआधी हक्कांची नावे होती.

हे फक्त आपल्याकडचे नाही. इंग्लंडातल्या जमीनदार वर्गाने हाच उद्योग आपल्यापेक्षा अधिक शिस्तीने केला आहे. जॉन बर्क याने १८२६ मध्ये उमरावांची वंशावळ छापली आणि १८३० नंतरच्या दशकात, पदवी नसलेल्या पण जमीन असलेल्या घराण्यांचे खंड काढले. तिथे घराण्याचे नाव आणि त्यापुढे ‘अमक्या ठिकाणचे’ असे वाड्याचे नाव असते. आपल्याकडच्या ‘अमक्या गावचे देशमुख’सारखेच. १९२९ मध्ये लुइस नेमिअर नावाच्या इतिहासकाराने तिसऱ्या जॉर्जच्या काळातल्या पार्लमेंटची चिरफाड केली. त्याने भाषणे बाजूला ठेवली आणि सभासद कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा, कुणाच्या वशिल्याने निवडून आला, याचा माग काढला. तत्त्वाच्या लढाया म्हणून ज्या शिकविल्या जात त्यांच्याखाली सोयरिकींचे जाळे निघाले. आपल्याकडे साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि शिक्षणसंस्था यांवर असा नेमिअर अजून बसायचा आहे. तो बसला तर त्याला पार्लमेंटच्या इतिहासकारापेक्षा कमी कष्ट पडतील. लग्नपत्रिका गोळा केल्या तरी पुरे.

पण इंग्रजी जमीनदारांच्या वंशावळीतली मला खरी उद्बोधक वाटणारी गोष्ट निराळी आहे. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या आमच्या विद्यापीठांतून प्रेमकथा म्हणून शिकविल्या जातात. तिचा सख्खा भाऊ एडवर्ड याला नाइट नावाच्या निपुत्रिक श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतले आणि १८१२ मध्ये त्याने ऑस्टेन हे आडनाव टाकून नाइट हे लावले. नाव गेले आणि जमीन आली. इंग्लंडात हे सर्रास होई. मृत्युपत्रातच अट असे की इस्टेट हवी तर आमचे आडनाव लावा. आपल्या देशमुख-इनामदारांच्या घरीही निर्वंश होण्याची वेळ आली की दत्तक घेत आणि दत्तकाची नोंद वंशावळीत अगदी सन्मानाने होई. या दोन्ही प्रथा शेजारी ठेवल्या म्हणजे ‘रक्ताची परंपरा’ या शब्दप्रयोगातले पाणी बाहेर पडते. रक्ताचा संबंध पातळ असला तरी दत्तक वंशावळीत बसतो, कारण त्याच्यामुळे जमीन घरात राहते. आणि ज्याच्या अंगात थेट वाड्याचेच रक्त आहे, पण जो महारवाड्यात जन्मला, तो वंशावळीत बसत नाही, कारण त्याच्यामुळे जमिनीला वाटेकरी निघतो. वंशावळ म्हणजे रक्ताचा नकाशा ही समजूत सोडून द्यावी. तो जमिनीचा नकाशा आहे. माणसांची नावे त्यावर बांधाच्या दगडांसारखी रोवलेली आहेत.

येथे मराठी वाङ्मयात ‘अक्करमाशी’चे स्थान काय आहे ते नव्याने सांगावे लागते. शरणकुमार लिंबाळे यांचे हे आत्मकथन १९८४ चे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. वेदना, दाहकता, अनैतिक संबंधांचे धीट चित्रण, असे शब्द पांढरपेशा समीक्षेने उधळले. ‘अनैतिक’ हा शब्द कुणाच्या संबंधात वापरायचा याचा विचार मात्र कुणी फारसा केला नाही. आई महार, जन्मदाता पाटील, सांभाळणारी आजी संतामाय, आणि तिच्यासोबत राहणारा दादा मुसलमान. हा मुलगा आपला बाप कोण हे विचारत नाही, ते त्याला ठाऊक आहे. त्याचा प्रश्न असा आहे की जे सगळ्या गावाला ठाऊक आहे ते कागदावर का येत नाही? शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाचा रकाना असतो आणि तो रकाना भरताना गावाच्या पोटात गोळा येतो. माझ्या मते ‘अक्करमाशी’ हे दलित आत्मकथन आहेच, पण त्याच वेळी ते एका पाटील घराण्याच्या कुलवृत्ताचे फाडून टाकलेले पान आहे. मराठीतल्या सगळ्या घराण्यांच्या इतिहासांना हे पान जोडून वाचले पाहिजे. ज्या दिवशी असे वाचन होईल त्या दिवशी ‘घराण्याचे नातेसंबंध’ या विषयाची व्याप्ती एकदम गावकुसाबाहेर जाईल.

असे पान जोडायला गेले की काय होते, हे अमेरिकेत दिसले आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन हा व्हर्जिनियातला जमीनदार होता, आणि इंग्रजी जमीनदारांच्याच वळणाचा होता. सॅली हेमिंग्ज या त्याच्या गुलाम स्त्रीची मुले त्याची होती, असे तिचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. इतिहासकार ही तोंडी परंपरा हसण्यावारी नेत. १९९८ मध्ये रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि काळ्या कुटुंबाच्या सांगण्याला पुष्टी मिळाली. तरीही जेफरसनच्या मान्यताप्राप्त वंशजांच्या मंडळाने २००२ मध्ये हेमिंग्ज वंशजांना सभासद करून घ्यायला नकार दिला. त्या मंडळाच्या ताब्यात कुटुंबाचे कबरस्तान आहे. म्हणजे प्रयोगशाळेने साक्ष दिली तरी पुरायला जागा मिळेना. आमच्याकडे तर प्रयोगशाळेची गरजच नव्हती. गावाला चेहऱ्यावरून कळत होते.

साक्ष हा शब्द आला म्हणून एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. बालाघाटच्या पठारावरचे माझे गाव लिंबागणेश, भालचंद्र गणपतीमुळे जिल्ह्यात ओळखले जाणारे. मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या गावासारखीच त्याची रचना. या गावगाड्यात महाराचे काम काय, असे विचारले तर लोक येसकरकी, सांगावा, सरपण, मेलेले ढोर हे सांगतात. त्याचे सर्वांत मोठे काम विसरले जाते. तो गावाची आठवण होता. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला, की शपथ घेऊन शीव चालून दाखवायला महार लागे. बांध कुठून कुठे, कोणाची पड कोणत्या ओढ्यापर्यंत, कोणत्या पाटलाच्या आज्याने कोणती पट्टी कोणाला दिली, हे त्याला तोंडपाठ असे. जुन्या महजरांत बलुतेदारांच्या साक्षी आहेत, त्यांत महारही आहे. ज्याची सावली विटाळ करते त्याचा शब्द देशमुखाच्या जमिनीला चालत होता. त्याच्या स्मरणशक्तीवर इतरांच्या सात पिढ्या उभ्या राहिल्या आणि त्याची स्वतःची तिसरी पिढी कुठे नोंदली गेली नाही. असे इमान इतक्या शतकांत कुणी कुणाला राखले नसेल.

जे व्यवसायाने वंशावळी सांगत त्यांचीही गत हीच. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी बैलावर बसून येतात आणि शेतकऱ्याला त्याच्या पूर्वजांची नावे म्हणून दाखवतात. हे लोक स्वतः भटके. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र यजमानांच्या पिढ्या नीट लिहिलेल्या आहेत, आणि मोठमोठे विद्वान त्या वह्यांची थोरवी गातात. ज्या नाशकात देवळाचे दार उघडावे म्हणून १९३० मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, त्या नाशकातल्या वह्यांत आमचे आजे-पणजे शोधायला जाण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे वंशावळ अजिबात नव्हती असेही नाही. महारकी पाळीने असे. भावकीत तक्षिमा असत. कोणत्या घराने कोणत्या वर्षी येसकराची काठी धरायची, बलुत्याचा वाटा कुणाला किती, हे ठरविण्यासाठी आमच्या म्हाताऱ्यांनाही पिढ्या माहीत असाव्या लागत. देशमुख सनदेसाठी पिढ्या मोजत होता, आम्ही भाकरीच्या तुकड्यासाठी. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले ही कथा आपल्या समाजात घरोघर सांगितली गेली. मूळपुरुष, बादशहा, पराक्रम, सनद: साचा हुबेहूब वाड्यातलाच आहे. (आमच्याजवळ पाटोदा तालुक्यात उगवणारी मांजरा पुढे त्याच बेदरच्या मुलखातून जाते. नदीच्या या तोंडाला मात्र त्या बावन्न हक्कांतले काही पोचलेले मी ऐकले नाही.) १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले तेव्हा त्यांना आपल्याच माणसांचा विरोधही सोसावा लागला, कारण वतन तुटले की त्याबरोबर ‘आम्ही अमक्या गावचे मूळ वतनदार’ हा एकुलता एक अभिमान तुटत होता. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने गेली. वंशावळीला चिकटलेली गुलामी आणि गुलामीला चिकटलेली वंशावळ ही दोन्ही एकदम सोडायला निघालेला दुसरा समाज मला ठाऊक नाही. देशमुखांच्या वंशावळी जहागिरी गेल्यावरही छापल्या जात राहिल्या. आमच्या पाळ्यांच्या याद्या म्हाताऱ्यांबरोबर जळाल्या.

आता थोडे कडू बोलायचे आहे. नोकरी, बंगला आणि निवृत्ती या तिन्ही गोष्टी मिळालेली आपल्यातली काही माणसे अलीकडे आपल्या घराण्याचे इतिहास छापू लागली आहेत. छापावेत, त्यांचा हक्क आहे. पण माझ्या पाहण्यात आलेल्या अशा पुस्तिका वाचून मला धक्का बसला. आरंभी मूळपुरुष. तो बहुधा सरदार किंवा किल्लेदार. त्याच्यावर अन्याय होतो आणि कुळाला अवनती येते. मग वंशवृक्ष, त्यात मुलगेच. शेवटी अधिकारी झालेल्यांची छायाचित्रे हुद्द्यांसह. ज्या आजीने दगड फोडून पहिला मुलगा वसतिगृहात पाठविला तिचे नाव ‘धर्मपत्नी’ या शब्दाखाली गाडलेले असते. ही वाड्याची नक्कल आहे, आणि नक्कल नेहमी मूळ वस्तूचे दोष अधिक ठळक करते.

ही ओढ नवी नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी आमचे पूर्वज क्षत्रिय होते आणि दुर्गादेवीच्या दुष्काळात भ्रष्ट ठरवले गेले अशी मांडणी केली होती. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणाऱ्या या लष्करी पेन्शनराला समोर कोणते दार होते ते ध्यानात घेतले पाहिजे. सरकार महारांची लष्करभरती बंद करीत होते आणि सरकारला ‘लढाऊ कूळ’ हीच भाषा समजत होती. कुळाच्या भाषेत अर्ज केला नाही तर अर्जच वाचला जात नव्हता. त्यांच्यावर आज दोष ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी कुळाची भाषाच बदलली. त्यांच्या सिद्धांतात मूळपुरुष नाही, सनद नाही. टोळ्यांच्या लढायांत मोडलेली, पांगलेली, गावाबाहेर आसरा घेतलेली माणसे आहेत, आणि बौद्ध धर्म न सोडल्याबद्दल व गोमांस न सोडल्याबद्दल त्यांच्यावर लादलेली शिक्षा आहे. सिद्धांत ऐतिहासिक कसोटीवर किती टिकतो याची चर्चा विद्वान करोत. वाङ्मयीन दृष्टीने त्यात घडले ते असे की एका समाजाची उत्पत्तिकथा प्रथमच राजपुत्राशिवाय सांगितली गेली.

आपली आत्मकथने या वाटेवरची आहेत, आणि म्हणून ती कुलवृत्तांताच्या नेमकी उलट दिशेने चालतात. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवार आपल्या दगडू मारुती पवार या जुन्या नावाच्या माणसाला समोर बसवून बोलते करतात. तिथे वारस पूर्वजाचा गौरव करीत नाही, नाव बदललेला माणूस स्वतःच्याच टाकलेल्या नावाची साक्ष काढतो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या १९७९ च्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये आईबापाविना पोर बहिणीच्या दारात वाढते, बापाच्या फांदीवर बसायची सोयच नाही. बेबीताई कांबळे ‘जिणं आमुचं’ची सुरुवात आजोळच्या वीरगावापासून करतात आणि मग एका घराचा धागा सोडून साऱ्या महारवाड्यातल्या बायकांची कहाणी सांगू लागतात. समीक्षकांनी त्यांच्यावर ‘विस्कळीतपणा’चा आक्षेप घेतला तर नवल नाही. ज्यांना शाखा क्रमांक एक, पोटशाखा दोन अशी गोष्ट वाचायची सवय आहे त्यांना आजी, मावशी, शेजारीण, सवत, जात्यावरची सोबतीण या क्रमाने उलगडणारी गोष्ट विस्कळीतच वाटणार. तो विस्कळीतपणा नाही; ते आमच्या नात्यांचे खरे आकारमान आहे. मुरळी सोडलेल्या बायांची मुले, दुष्काळात दुसऱ्याच्या चुलीवर वाढलेली मुले, पाट लावलेल्या आईबरोबर गाव बदललेली मुले यांना झाडाच्या आकृतीत कसे बसविणार?

मी स्वतः जातपडताळणीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र केले तेव्हा माझ्या पणजोबाच्या वर जाता आले नाही. शाळेत नाव घालणारी आमच्या घरातली पहिली पिढी वडिलांची. जमीन नाही, म्हणून १९५४ च्या खासरा पत्रकात नाव नाही. नाव नाही म्हणून माणूस नाही. आजीला मात्र तिच्या आजीचे माहेर, तिथल्या मरीआईची जागा आणि दुष्काळात ते कुटुंब कोणत्या गावी खडी फोडायला गेले तो रस्ता माहीत होता. नमुन्यात आईकडच्या माणसांना रकाना नव्हता. कारकुनाने सभ्यपणे सांगितले की हे सगळे खरे असेल, पण उपयोगाचे नाही. त्याचे बरोबर होते. त्याच्यापुढचा कागद वतनदारांच्या बुद्धीने आखलेला होता.

हा कागद आता फक्त आमच्या वाट्याला उरलेला नाही, ही या काळाची मोठी गंमत आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे दाखल्यांची कार्यपद्धती घातली. तेव्हापासून बीड जिल्ह्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याला कधी नव्हे तो मान आला आहे. ज्या घरांनी शंभर वर्षे आपण शहाण्णव कुळी असल्याचे कागद जपले त्याच घरांतली मुले पणज्याच्या नावापुढे ‘कुणबी’ हा शब्द सापडावा म्हणून तहसिलीत हेलपाटे घालीत आहेत. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. दोन एकर कोरडवाहू असलेला मराठा आणि काहीच नसलेला बौद्ध, दोघेही दिवाळीच्या सुमारास त्याच ट्रकात कोयते टाकून कारखान्याला जातात, हे लिंबागणेशच्या रस्त्यावर उभे राहिले तरी दिसते. फक्त एवढेच नोंदवायचे आहे, की वंशावळ मिळकतीच्या मागून चालते हे सूत्र येथेही मोडलेले नाही. काल मिळकत जमीन होती तेव्हा पूर्वज उंच शोधला, आज मिळकत दाखला आहे तेव्हा पूर्वज खालचा शोधला जातो आहे. आणि आजही ज्याचे नाव जमिनीच्या दप्तरात होते त्यालाच तो सापडण्याची आशा आहे.

मग वाड्यातल्या कागदांचे काय करायचे? जाळायचे नाहीत. ते वाचायला शिकले पाहिजे, आणि उलटे वाचायला शिकले पाहिजे. इंग्लंडात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला तेव्हा सरकारने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई गुलामांच्या मालकांना दिली. गुलामांना काही नाही. भरपाई मागणाऱ्यांच्या याद्या सरकारी दप्तरात राहिल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी त्या याद्या घेऊन सुमारे ४६ हजार दावेदारांचा माग काढला आणि २०१३ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. बर्कच्या खंडांत जी घराणी फक्त वाडे आणि सोयरिकी यांनी शोभत होती त्यांच्या नावापुढे आता किती माणसे मालकीची होती हा आकडाही वाचता येतो. वंशावळ तीच. प्रश्न दुसरा विचारला.

आपल्याकडे असा प्रश्न विचारायला सामग्री कमी नाही. पुण्याच्या पुरालेखागारात महजर आहेत, हैदराबादच्या दप्तरात निजामी कागद आहेत. त्यांत पाटलाच्या पिढ्यांबरोबर साक्षीदारांचीही नावे आहेत. ‘नाक’ हा प्रत्यय लागलेले नाव दिसले की थांबावे, गाव लिहून घ्यावे, वर्ष लिहून घ्यावे. आमच्या महाविद्यालयांतून मराठी आणि इतिहास शिकणारी मुले उसाच्या फडावरून परीक्षेला येतात. त्यांना प्रकल्प म्हणून पुन्हा एकदा संतांची शिकवण लिहायला लावण्यापेक्षा मोडीची बाराखडी शिकवावी. आणि दर सुटीत घरी गेल्यावर आजीला बापाच्या बापाचे नाव विचारण्याआधी तिच्या आईचे माहेर विचारावे, तिथून ती कोणत्या साली निघाली, कुणाबरोबर, आणि वाटेत कोण दगावले. हे विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत. आमच्या वस्तीत पंच्याऐंशीच्या वरच्या तीनच बाया आहेत, आणि त्यांतल्या एकीला आता ऐकू येत नाही.